सौर कृषी पंप: ३, ५ की ७.५ एचपी? आधी विहीर मोजा

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून मिळणारा संच विदर्भातल्या विहिरीवाल्या शेतकऱ्यासाठी नक्की घेण्यासारखा आहे. मात्र तो एकरावर न घेता विहिरीच्या पाण्यावर घ्यायचा. ज्यांनी तसा घेतला त्यांचा हरभरा दोन पाण्यांवर निघतो. ज्यांनी ‘मिळतोच आहे तर मोठा घेऊ’ म्हणून घेतला त्यांची मोटार जानेवारीपासून दुपारी हवा ओढते.

संच काय असतो ते आधी. सौर पॅनेल, ते उभे करायचा लोखंडी सांगाडा, कंट्रोलरची पेटी, मोटार-पंप, विहिरीत सोडायचा एचडीपीई पाइप, केबल, अर्थिंग आणि वीजरोधक (आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा). २०२४ पासून ही योजना महावितरण राबवते. खुल्या गटातल्या शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के भरायचे. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, त्यापुढे ५ एकरापर्यंत ५ एचपी आणि त्याहून जास्त जमीन असेल तर ७.५ एचपी, अशी पात्रता आहे. नियमात आणखी एक ओळ आहे, ती फार कमी लोक वाचतात: पात्रतेपेक्षा कमी क्षमतेचा पंप मागितला तर तोही मिळतो. हे सगळं परीक्षण त्या एका ओळीभोवती आहे असं म्हटलं तरी चालेल.

या पंपाचं मोल कळायला एका एकर हरभऱ्याचा हिशेब पुरतो. भारी काळ्या जमिनीत ओलाव्यावर पेरलेला कोरडवाहू हरभरा एकरी तीन-चार क्विंटलवर थांबतो. फांद्या फुटताना एक आणि घाटे भरताना एक, अशी दोन पाणी मिळाली तर तोच सात-आठ क्विंटलपर्यंत जातो. फरक चार क्विंटलचा. २०२४-२५ च्या हंगामातल्या हरभऱ्याला ५,६५० रुपये हमीभाव होता, म्हणजे एकरी साडेबावीस हजार रुपये फक्त दोन पाण्यांचे. तीन एकर वावर असलेल्या घरात ही रक्कम कृषी केंद्राची उधारी, पोरीची फी आणि पुढच्या मृगाचं बियाणं यांच्यात वाटली जाते. पाणी हुकलं की पऱ्हाटीचे (कापसाचे) आलेले पैसे उधारीत जातात, बँकेचं पीककर्ज थकतं आणि संक्रांतीनंतर घरातली माणसं मजुरीला दुसऱ्याच्या वावरात किंवा थेट बाहेरगावी निघतात. कालव्याच्या शेपटाला असलेल्या गावांतही हेच होतं. पाटचारी कागदावर असते, पाळी टोकापर्यंत पोचत नाही आणि ओलीत शेवटी विहिरीवरच येतं.

विहिरीवर विजेची मोटार असली तरी थ्री-फेज लाईन चक्राकार पद्धतीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की माणूस टॉर्च घेऊन दांड फोडायला जातो. वावरात रानडुकरं असतात, भेगांत साप असतात, आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडे वाघाची भीती खरीच असते. त्यात हंगामाच्या तोंडावर डीपी (विजेचं रोहित्र) जळाली की आठवडा-पंधरवडा गेला. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्यात २०२४ पासून वीजबिल माफ आहे, त्यामुळे सौरपंपाचा फायदा बिलात मोजू नका. दिवसा, घरच्या बाईमाणसालाही सोबतीशिवाय पाणी देता येतं आणि डीपीवर कोणाचं काही अवलंबून राहत नाही, हा त्याचा खरा फायदा. एवढ्यासाठी आम्ही त्याला पैकीच्या पैकी गुण देतो.

आता विहीर. मोजणी अवघड नाही, एक दोरी, एक दगड आणि दोन वेळा चक्कर एवढंच लागतं. फेब्रुवारी आणि एप्रिल अशी दोनदा करा. आहे त्या मोटारीने किंवा भाड्याच्या इंजिनाने संध्याकाळपर्यंत विहीर उपसा, तळाशी चार-पाच फूट पाणी राहू द्या. दोरीला दगड बांधून काठावरच्या ठरलेल्या जागेवरून पाण्याच्या पातळीपर्यंत सोडा आणि दोरीला गाठ मारा. सकाळी सूर्य उगवताना त्याच जागेवरून पुन्हा मोजा. दोन गाठींमधलं अंतर म्हणजे रात्रभरात झऱ्यांनी भरलेलं पाणी. २० फूट व्यासाच्या गोल विहिरीत एक फूट पाणी म्हणजे जवळपास ८,९०० लिटर. १५ फुटी विहिरीत तेच ५,००० लिटर भरतं आणि २५ फुटी विहिरीत १३,९०० लिटर.

समजा २० फुटी विहीर फेब्रुवारीत रात्रभरात पाच फूट चढली. ते ४४,५०० लिटर झाले. उपसा चालू असताना दिवसाही झरे चालतात, म्हणून चोवीस तासांची आवक फार तर दुप्पट धरा, म्हणजे ८५-९० हजार लिटर. तीच विहीर एप्रिलमध्ये दोन फूटच चढली तर दिवसाची आवक ३५ हजारांवर येते.

हे आकडे पंपाशी जुळवून पाहा. हिवाळ्यात आकाश स्वच्छ असताना पूर्ण तीव्रतेच्या उन्हाचे पाचेक तास धरले आणि मोटार, पंप, कंट्रोलर मिळून निम्म्याहून जास्त ऊर्जा वाटेत जाते हे लक्षात घेतलं, तर एकूण ३० मीटर हेडवर (हेड म्हणजे पंपाला पाणी एकूण जेवढं उंच ढकलावं लागतं ते) ३ किलोवॅट पॅनेलचा ३ एचपी पंप दिवसाला साधारण ७० हजार लिटर देतो. ५ किलोवॅटचा ५ एचपी पंप सव्वा लाखाच्या आसपास जातो. ५० मीटर हेडवर हेच आकडे ४० हजार आणि ७० हजारांवर उतरतात. म्हणजे वरच्या २० फुटी विहिरीला, मालकाची जमीन चार एकर असो की सहा, ३ एचपीच बरोबर बसतो. ५ एचपी लावला तर दुपारी एकच्या सुमारास विहीर कोरडी पडते, कंट्रोलर ‘ड्राय रन’ दाखवून मोटार बंद करतो, थोड्या वेळाने ती आपोआप सुरू होते, दोन मिनिटांत पुन्हा बंद. दिवसभर असं चालू-बंद होत राहिलं की मोटारीचे बेअरिंग आणि सील आधी जातात. सेन्सर बिघडला असेल तर मोटारच जळते.

मोठा पंप आधीच बसला असेल त्यांच्यासाठी उपाय साधा आहे. डिलिव्हरी पाइपवर गेट व्हॉल्व्ह बसवा आणि पाण्याची धार आवकेएवढी होईपर्यंत तो आवळत न्या. या प्रकारच्या पंपाला डिलिव्हरी आवळल्याने इजा होत नाही, उलट भार कमी होतो. फक्त व्हॉल्व्ह पूर्ण बंद ठेवून चालवू नका.

७.५ एचपीबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. बारमाही नदी किंवा मोठा नाला शेजारी असेल, पाइपलाइन लांब असेल, आणि सहा-सात एकर एकसलग ओलीत करायचं असेल तरच तो घ्यावा. बेसाल्टच्या खडकातल्या साध्या विहिरीला तो सहसा झेपत नाही.

एचपीइतकंच महत्त्व हेडला आहे. अर्जाच्या वेळी, पुरवठादार निवडताना आणि माल उतरवताना, तिन्ही वेळा हेड विचारा. पंपाच्या अंगावरच्या पट्टीवर ते मीटरमध्ये लिहिलेलं असतं. हिशेब असा करायचा: उन्हाळ्यात पाणी काठापासून ज्या खोलीवर जातं ती खोली, त्यात पाइपमधल्या घर्षणाचं हेड, आणि शेवटी पाणी कशाने देणार त्याचा दाब. पाणी ४० फुटांवर, म्हणजे १२ मीटर. दांडाने पाणी द्यायचं असेल तर वर चार-पाच मीटर धरा. ठिबकाला लॅटरलच्या (ओळीतल्या बारीक नळीच्या) तोंडाशी १० मीटर आणि फिल्टर व व्हेंचुरीसाठी (पाण्यातून खत सोडायचं साधन) पाच ते आठ मीटर धरा. स्प्रिंकलरच्या नोझलला अडीच किलो दाब लागतो, तो झाला २५ मीटर. म्हणजे त्याच विहिरीवर दांडाचं काम १७ मीटरमध्ये होतं आणि स्प्रिंकलर ४२ मीटर मागतो. ७० मीटरचा पंप उथळ विहिरीत टाकला तर तो चालतो, पण धार बारीक देतो. ३० मीटरचा पंप ६० मीटर खोल बोअरमध्ये सोडला तर कंट्रोलरवर सगळं बरोबर दिसतं आणि पाइपमधून पाणी येत नाही. ‘पंप खराब आला’ अशी तक्रार असलेल्या ठिकाणी आधी हेडच तपासावं.

पाइपातही पाणी अडतं. सेकंदाला पाच लिटर पाणी ६३ मिलिमीटर पाइपातून नेलं तर दर १०० मीटरला साडेपाच-सहा मीटर हेड जातं. ७५ मिलिमीटरमध्ये ते सव्वादोन-अडीच मीटर होतं. विहीर एका धुऱ्यावर आणि वावर ३०० मीटर लांब असेल तर एका पाइपात १७ मीटर वाया जातात, दुसऱ्यात सात. विजेच्या मोटारीवर हे कळत नाही, कारण तिला मागेल तेवढी वीज मिळते. सौरपंपाकडे उन्हाएवढीच ताकद असते. पाइपासाठी वाचवलेले पैसे रोज पाण्यातून कापले जातात. मुख्य लाईन ७५ च्या खाली नको.

पंप सकाळी आठला सुरू झाला तरी स्प्रिंकलर फिरत नाही, याचंही कारण हेडमध्येच आहे. कंट्रोलरच्या पडद्यावर हर्ट्झचा, म्हणजे मोटारीच्या वेगाचा, आकडा दिसतो. भर उन्हात तो ५० च्या जवळ असतो, सकाळी ३० वगैरे. वेग ५० वरून ३० वर आला की पंपाचं हेड निम्म्याच्याही खाली, म्हणजे ३६ टक्क्यांवर येतं. ५० मीटरचा पंप तेव्हा १८ मीटरच पाणी चढवू शकतो. विहिरीतून वर काढण्यातच ते संपतं, नोझलला दाब उरत नाही, आणि पाणी नोझलच्या बुडाशीच गळून खळगा करतं. म्हणून सौरपंपावर स्प्रिंकलर साडेनऊ-दहा ते साडेतीन-चार एवढाच चालवायचा. ५ एचपीला भर दुपारी सात-आठ नोझल झेपतात. शेजारी विजेवर बारा चालवतो म्हणून बारा लावले तर एकही नीट फिरत नाही, पाण्याची गोलं एकमेकांवर चढत नाहीत आणि हरभऱ्यात मधेमधे वाळलेले पट्टे दिसतात. सकाळच्या आणि संध्याकाळच्या कमी दाबाच्या वेळेत दांडाने भाजीपाल्याला, चाऱ्याला पाणी द्यावं. ती वेळ फुकट जात नाही.

ठिबकाशी मात्र या पंपाची जोडी उत्तम जमते. एका एकरावर एक इंच पाणी म्हणजे एक लाख लिटर. सरीतून मोकळं पाणी दिलं तर एका पाळीला दोन-अडीच इंच सहज जातात, म्हणजे ५ एचपीचे दोन दिवस एका एकरात. ऑक्टोबरात बोंडं भरण्याच्या अवस्थेतल्या पऱ्हाटीला दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी लागतं. ते ठिबकाने दिलं तर एकरी १६ ते २० हजार लिटरमध्ये भागतं. तेच ७० हजार लिटर देणारा ३ एचपी पंप साडेतीन ते चार एकर पऱ्हाटी सांभाळतो. संच आखताना एक चूक नेहमी होते, ती टाळा. पाच फुटी ओळी, ४० सेंटिमीटरवर ताशी ४ लिटरचे ड्रिपर, असं एक एकर एकाच व्हॉल्व्हवर घेतलं तर ताशी २७ हजार लिटर लागतात. ५ एचपी सौरपंप भर उन्हातही ३५ मीटर हेडवर १९-२० हजारच देतो, मग ओळीच्या टोकाची झाडं तहानलेली राहतात. ताशी २ लिटरचे ड्रिपर घ्या किंवा व्हॉल्व्ह अर्ध्या-पाऊण एकराचे करा. विहिरीत शेवाळ असेल तर जाळीच्या फिल्टरने भागत नाही, वाळूचा फिल्टर लागतो. तो तुंबला की दोन-चार मीटर हेड खातो, आणि सौरपंपावर तेही जाणवतं. रोज काम संपताना दोन मिनिटं बॅकवॉश करावा, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून फिल्टर धुवावा.

कोणत्या भागात हा पंप कसा ठरतो, ते वेगवेगळं आहे. अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या खाऱ्या पाण्यावर पंप बसवू नका. ते पाणी काळ्या मातीत गेलं की जमीन चिबड आणि दगडासारखी टणक होते, ती पुन्हा सुधारायला वर्षं लागतात. तिथे शेततळ्यावरचा पंप योग्य. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या शेततळ्यात जवळपास २२ लाख लिटर पाणी बसतं. बाष्पीभवन आणि झिरपा वजा जाता स्प्रिंकलरने चार एकर हरभऱ्याला दोन पाण्यांचा हिशेब बसतो, आणि त्याला ३ एचपी पुरतो. तळ्याच्या काठावर ठेवायचा पंप घेणार असाल तर पाणी त्याच्या खाली सात मीटरपेक्षा जास्त उतरू नये. त्यापलीकडे हवेचा दाबच पाणी ओढू देत नाही, पंप कितीही मोठा असो. विहिरीला या कारणाने पाण्यात बुडणारा पंपच हवा. जलसंधारणाच्या कामांतून साठलेल्या पाण्यावर योजनेतला पंप लावता येत नाही, हेही अर्ज करण्यापूर्वी लक्षात घ्या.

वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात विचार करून पाऊल टाकावं. तिथे पाणी इतकं खोल गेलं आहे की कित्येक बोअरना योजनेतल्या पंपाचं हेड पुरत नाही. शिवाय आंबिया बहाराचं (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याचं) फळ नेमकं मे महिन्यात झाडावर असतं. सहा मीटर अंतराच्या बागेत एकरी ११०-११२ झाडं बसतात. मोठ्या झाडाला मे महिन्यात दिवसाला १२० लिटर धरलं तरी एकराला १३ हजार लिटर रोज लागतात आणि चार-सहा दिवस खंड पडला की फळगळ सुरू होते. मे महिन्यातलं ऊन पंपाला भरपूर, विहीर मात्र तेव्हाच तळाला. ऑगस्टात विहीर काठोकाठ, तेव्हा आभाळ आलेलं. विदर्भात सौरपंपाचे खरे महिने ऑक्टोबर ते फेब्रुवारी. बागवाल्याने एप्रिलच्या मोजणीवर झाडांची संख्या ठरवावी, आणि नवी लागवड करण्याआधी हा आकडा घरात सगळ्यांसमोर मांडावा. दहा वर्षांची बाग डोळ्यांदेखत वाळताना पाहण्याइतकं दुःख शेतीत दुसरं नाही.

पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदियाकडे, धानाला पंपाचा उपयोग पऱ्हे (रोपं) जगवायला आणि रोवणी वेळेवर करायला होतो. सप्टेंबरात पावसाने दडी मारली तर बांधीत एक-दोन पाणी देऊन लोंबी वाचवता येते. बोडीत (शेतातल्या लहान तळ्यात) पाणी असेल तर ३ एचपीने एवढं काम होतं. उन्हाळी धान मात्र या पंपावर घेऊ नका. चिखलणीपासून कापणीपर्यंत ते पीक पाण्यात उभं असतं आणि एक विहीर तेवढं पाणी पुरवत नाही.

आता बसवणीकडे. आपल्या काळ्या जमिनीत ही पायरी सर्वांत जास्त बिघडते. काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते आणि पावसात फुगते. दोन फुटांच्या खड्ड्यात काँक्रीट ओतून उभा केलेला खांब पहिल्याच पावसाळ्यात कलतो, आणि मे महिन्याच्या वादळात पॅनेलसकट आडवा होतो. खड्डा मुरमापर्यंत गेलाच पाहिजे. काँक्रीट जमिनीच्या वर वीतभर आणि वरून उतार दिलेलं असावं, म्हणजे खांबाच्या बुडाशी पाणी साचून गंज धरत नाही. काँक्रीट टाकल्यावर किमान आठवडाभर पाणी मारायला हवं. बसवणारी मंडळी दुसऱ्याच दिवशी पॅनेल चढवायच्या घाईत असतात, त्यांना थांबवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पॅनेलचं तोंड दक्षिणेला. आपण २०-२१ अक्षांशावर आहोत, म्हणून एकाच जागी पक्के पॅनेल असतील तर उतार २० अंशांच्या आसपास ठेवतात. उतार बदलता येणारा सांगाडा असेल तर डिसेंबर-जानेवारीत तो ३५ पर्यंत उभा करा आणि एप्रिलनंतर जवळजवळ आडवा. हाताने पूर्व-पश्चिम फिरवता येत असेल तर सकाळी, दुपारी बारानंतर आणि तीनला असे तीन वेळा फिरवा. सकाळ-संध्याकाळचं पाणी त्याने चांगलं वाढतं. जागा निवडताना डिसेंबरातल्या सावल्या पाहा. तेव्हा सूर्य दक्षिणेला कलतो आणि उन्हाळ्यात लांब वाटणाऱ्या बाभळीची सावली बरोबर पॅनेलवर येते. पॅनेल एकामागोमाग एक साखळीत जोडलेले असतात, त्यामुळे एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडलेली सावली सगळ्या रांगेची वीज ओढून धरते. पॅनेलच्या दक्षिणेला तुरीची ओळ लावली तर ऐन हरभऱ्याच्या पाण्याच्या वेळी हाच त्रास होतो.

विहिरीत मोटार तळापासून दोन-तीन फूट वर टांगा, नाहीतर गाळ ओढते. वजन नायलॉनच्या दोरावर असावं, केबलवर किंवा पाइपवर नको. बोअरची उभी मोटार रुंद विहिरीत टाकली असेल तर पाणी तिच्या अंगावरून वाहत नाही आणि ती तापते. तिच्याभोवती पाइपचं वेष्टण घालून घ्या किंवा विहिरीसाठीचीच मोटार मागा. केबलचा जोड पाण्यात येऊ देऊ नका. अर्थिंगचे खड्डे वीजरोधकाला वेगळा आणि कंट्रोलरला वेगळा असे हवेत. आपल्याकडे मृगाआधीच्या विजा कंट्रोलर जाळतात, त्यामागे बहुतेक वेळा एकच सामाईक किंवा कोरडा पडलेला खड्डा असतो. मे महिन्यात त्या खड्ड्यांत दोन बादल्या पाणी टाका.

एसी मोटार की डीसी, हा प्रश्न सगळेच विचारतात. डीसी सकाळी थोडी लवकर पाणी काढते आणि तेवढ्याच उन्हात थोडं जास्त देते. एसी मोटार वॉरंटी संपल्यावर तालुक्याच्या कोणत्याही रिवायंडिंगवाल्याकडे दुरुस्त होते. डीसीसाठी कंपनीचीच वाट पाहावी लागते. हरभरा घाट्यात असताना पंधरा दिवस वाट पाहणं परवडत नाही, म्हणून दूरच्या गावाला आमची पसंती एसीला. धार कमी वाटली तर एसीत आधी फिरण्याची दिशा तपासून घ्या. तीन तारांपैकी दोन उलट जोडल्या गेल्या तर मोटार उलटी फिरते, आवाज येतो आणि पाणी निम्मंही येत नाही. तंत्रज्ञाने दोन तारा आपसांत बदलल्या की काम झालं.

देखभाल सोपी आहे, पण नियमाने करावी लागते. दहा-पंधरा दिवसांतून एकदा सूर्योदयाच्या वेळी साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पॅनेल पुसा. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकलं तर ती तडकते. खाऱ्या पाण्याने धुतलं तर पांढरा थर बसतो आणि तो निघत नाही. तूर-सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत भुसा उडतो, तेव्हा दर आठवड्याला पुसावं. पक्ष्यांची विष्ठा राहू देऊ नका, त्या ठिपक्याखालची जागा तापून पॅनेल आतून जळतं. माकडं चढत असतील तर काटेरी तार लावताना तिची सावली पडणार नाही एवढं बघा. पॅनेलमागचे जोड वर्षातून दोनदा पाहायचे. प्लास्टिक काळं पडलेलं दिसलं तर पंप बंद ठेवून तंत्रज्ञाला बोलवा. पंप चालू असताना जोड ओढू नका. सौर पॅनेलच्या डीसी विजेचा चाप, म्हणजे लांबलेली ठिणगी, पेटतो आणि हात भाजतो. आधी पेटीतला स्विच पाडायचा, मगच जवळ जायचं. उन्हात पॅनेलच्या तारांत वीज असतेच, स्विच पाडला तरी.

सेवेच्या बाबतीत गुण कापावे लागतात. पाच वर्षं दुरुस्ती आणि विमा संचाबरोबर आहे, ही तरतूद चांगली. अडचण अंमलात आहे. काही पुरवठादारांचा तंत्रज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी बसतो, फोन लागत नाही, आला तरी सुटा भाग सोबत नसतो. पुरवठादार निवडायचा अधिकार शेतकऱ्याला आहे. तो वापरण्याआधी आपल्या तालुक्यात त्याच पुरवठादाराचा दोन वर्षं जुना पंप शोधा आणि मालकाला दोन गोष्टी विचारा: तक्रार दिल्यापासून किती दिवसांत माणूस आला, आणि कंट्रोलर बदलून मिळाला का. तक्रार तोंडी ठेवू नका, नोंदवून तिचा क्रमांक घ्या. वादळात पॅनेल फुटले किंवा केबल चोरीला गेली तर त्याच दिवशी फोटो काढा, चोरीची पोलिसांत नोंद करा, आणि पाहणी होईपर्यंत तुटलेला माल हलवू नका. विम्याचे दावे इथेच अडकतात.

काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करण्याआधी एक चाचणी स्वतः घ्या. स्वच्छ उन्हाच्या दिवशी बारा ते एकच्या मधे २०० लिटरचा रिकामा ड्रम पाइपाच्या तोंडाशी ठेवा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. विहिरीत पाणी ४० फुटांवर, पाइप विहिरीजवळच सोडलेला आणि संच ५ एचपीचा असेल तर ड्रम ४० सेकंदांच्या आत भरायला हवा. ३ एचपीला एक मिनिटाच्या आत. एवढ्यात भरला नाही तर हर्ट्झ पाहा, मोटारीची दिशा पाहा, पट्टीवरचं हेड पाहा, आणि कारण सापडेपर्यंत कागद परत द्या. सकाळी नऊला किंवा ढगाळ दिवशी ही चाचणी मान्य करू नका. आकडा, तारीख आणि त्या दिवशीची विहिरीची पातळी अर्जाच्या पावतीमागे लिहून ठेवा. पुढे धार कमी झाली तर पंप थकला की विहीर खाली गेली, ते त्याच आकड्यावरून ओळखता येईल.